उणे नव्वद

मजुरी वेळेवर द्या, ही मागणी पूर्ण करायला सरकारला पन्नासेक वर्षं लागली. ती ओलांडून पुढे निघून जायला दीड वर्ष पुरलं.

खडकपूर महानगरपालिकेच्या श्रमसन्मान योजनेत शहरातल्या गरिबांना काम मिळे. नाले उपसायचे, फुटपाथवर ब्लॉक बसवायचे, रस्त्याच्या दुभाजकात झाडं लावायची आणि ती वाळली की पुन्हा लावायची. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार मजुरीची होती. हजेरी वॉर्डातून झोनला जायची, झोनमधून लेखा विभागात, तिथं एखाद्या मधल्या नावाच्या काना-मात्रेपाशी ती महिनाभर मुक्काम करायची, आणि मजुरी जमा व्हायची तोवर मजुरानं शहर बदललेलं असायचं.

मग पट्टी आली. दोन बोटं रुंद, दंडावर चिकटवायची, रंग कातडीचा. हा रंग कुणाच्या कातडीवरून घेतला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण खडकपुरात तसं कुणी नव्हतं. पट्टीच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक नळ्या असत. त्यांतून घाम झिरपे. घामात मीठ किती, थकलेला स्नायू सोडतो ते आम्ल किती, नाडीचा ठेका काय, कातडी किती तापली, हात किती वेळा आणि कुठल्या बाजूला वळला, हे सगळं दर सेकंदाला मोजलं जाई. त्यावरून संगणक त्या शरीराची एक जिवंत नक्कल उभी करी. तिला सरकारी नाव होतं ‘श्रमप्रतिमा’. बाई फावडं मारी तेव्हा तिची प्रतिमाही फावडं मारी. हिशोब प्रतिमेचा होई आणि पैसे बाईच्या खात्यात जात. घाम वाळायच्या आत दाम ही तोवर भाषणात टाळ्या घेणारी ओळ होती. आता तो एक तांत्रिक तपशील झाला.

योजनेच्या फलकावर ‘सरासरी विलंब’ असा एक आकडा असे. तो शून्यावर आला तेव्हा आयुक्तांचा सत्कार झाला. अडचण इतकीच झाली, की पुढच्या वर्षीच्या सत्काराला जागा उरली नाही. शेजारच्या राज्यातल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं, की आकडे शून्यापाशी थांबत नाहीत. प्रतिमेला उद्याचं माहीत असतं. गुडघा कधी धरणार, ताप कधी येणार, झोप किती झाली, हे माणूस बोलायच्या आधी घाम बोलून मोकळा होतो. मग उद्याची मजुरी आजच का देऊ नये? शेजाऱ्यांनी उणे सात गाठलं. खडकपूरनं उणे तीस केलं, आणि मग एकदम उणे नव्वद. म्हणजे तीन महिन्यांनी जो खड्डा खणायचा, त्याची मजुरी आज जमा. देशात पहिला नंबर. पुरस्कार घ्यायला जाताना आयुक्तांनी नवा कोट शिवला. शिंप्याचे पैसे त्यांनी परत आल्यावर दिले.

वॉर्ड नऊच्या टोळीत त्या दिवशी बायकांनी नाल्याच्या काठावरच जिलेबी मागवली.

“सरकार बदललं बघा, मावशी,” मोनाली म्हणाली. सव्वीस वर्षांची, दोन पोरींची आई, टोळीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची. “आधी पैसे, मागून काम!”

“हे काय नवीन हाय व्हय?” द्वारका ढवारेनं जिलेबी हातात धरून विचारलं. “आमचा मुकादमबी आधीच द्यायचा.”

द्वारकाची अर्धी जिंदगी ऊसतोडीत गेली होती. तिच्याकडे या प्रकाराला उचल म्हणत. दसऱ्याच्या आधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला पैसे देई आणि पुढचे सहा महिने ती जोडी ते पैसे उसाच्या फडात अंगानं फेडी. एक दिवस चुकला की खाडा. मजुरी जायचीच, वर दंड बसायचा. ताप आला तरी खाडा, पाळीच्या दुखण्यानं पडून राहिलं तरी खाडा. म्हणून बायका तालुक्याला जाऊन गर्भाची पिशवी, बहुतेकदा बीजांडांसकट, काढून यायच्या. द्वारकानं चोविसाव्या वर्षी काढली. डॉक्टरचे पैसे मुकादमानं दिले, उचलीत धरून. मुलगा आधी झालेला होता, म्हणून सुमेध तरी आहे.

पण श्रमसन्मानचे पैसे तिनंही घेतले. न घ्यायची सोय अॅपमध्ये नव्हती. तिचे आणि सून दीक्षाचे मिळून जे आले, त्यातून पहिला हप्ता भरून सुमेधनं बॅटरीवरची रिक्षा कर्जावर आणली. रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘आईची कृपा’ लिहून घेतलं. सरकारची कृपा लिहायला काच लहान पडली, असं तो म्हणायचा.

पंधरवडा गेला असेल. सकाळी कामावर निघताना दीक्षा फोन घेऊन चुलीपाशी आली.

“आत्या, हे काय म्हणायलंय बघा की.” सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडे रीत होती.

फोनवर एक हसरी बाई एका हसऱ्या बाळाला घेऊन उभी होती. खाली मजकूर होता: ‘अभिनंदन! माता-सुरक्षा नियमानुसार आपणास अवजड कामातून मुक्त करण्यात येत आहे. आगाऊ अदा केलेली मजुरी समायोजित करण्यात येईल. हरकत असल्यास येथे दाबा.’

“अभिनंदन कशाचं?” द्वारकानं विचारलं. दीक्षानं मनातल्या मनात दिवस मोजले आणि तिचा चेहरा उतरला. तिला पाळी चुकल्याचं अजून नीट उमगलंही नव्हतं. पट्टीला उमगलं होतं. त्या दिवसांत कातडी किंचित ऊबदार राहते, नाडी थोडी घाईत असते. घरच्यांना सांगायला बाई लाजते. घाम लाजत नाही.

नियम मोठ्या ममतेनं केलेला होता. गरोदर बाईनं फावडं मारू नये, याला कोण नाही म्हणेल? फक्त जे काम आता होणार नव्हतं, त्याचे पैसे आधीच मिळाले होते. ते परत जायचे. खात्यात नसले तर नवऱ्याच्या खात्यातून, सासूच्या मजुरीतून, गॅसच्या अनुदानातून, आणि तेही पुरलं नाही तर कर्जावरच्या वस्तूतून. घरात अशी वस्तू एकच होती, आणि ती दारात चार्जिंगला लावलेली होती.

“पाडते मी,” दीक्षा हळूच म्हणाली. “गोळ्या मिळतेत. कुणाला कळायच्या आत.”

“कुणाला कळायच्या आत? सगळ्या खडकपूरला कळलंय. तुलाच तेवढं उशिरा कळलं.”

“मग काय करू? रिक्षा गेली तर ते काय करतील? पुन्हा फडात जायचं का?”

द्वारकानं सुनेच्या दंडाकडे बघितलं.

“हरकतीचं दाब,” ती म्हणाली. “आन् ती पट्टी इकडं दे.”

ऊसतोडीच्या माणसाची एक समजूत असते. काम टोळीचं असतं. कुणी बाळंत झाली, कुणाला विंचू चावला, तर बाकीचे तिच्या वाटणीचा ऊस तोडतात आणि गाडी भरते. गाडी भरली की कुणाचा कोयता चालला हे मुकादम विचारत नाही. द्वारकाला वाटलं, पट्टी म्हणजे मुकादमाचाच एक प्रकार. गाडी भरली की झालं.

हरकत घेतली की सात दिवसांचं पुनर्निरीक्षण असे. सकाळी दीक्षा कॅमेऱ्याला चेहरा दाखवी. मग नाल्याकाठच्या पत्र्याच्या संडासात तिची पट्टी सासूच्या डाव्या दंडावर जाई आणि रात्रभर तिथंच राही, पुन्हा चेहरा दाखवायची वेळ येईतो. उजव्यावर द्वारकाची स्वतःची होती. वर लांब बाह्यांचा जुना शर्ट, साडीवर घातलेला, जसा सगळ्याच बायका घालत. पट्टी खरं तर नाडीच्या ठेक्यावरून माणूस ओळखते. पण गरोदरपणात नाडी बदलते, म्हणून कुणा सहृदय अभियंत्यानं तशा बायकांच्या बाबतीत ओळखीची अट सैल ठेवली होती. आणि डावा हात काही उजव्यासारखा चालत नाही, त्यामुळे एका अंगावर दोन बायका काम करताहेत हे यंत्राला खटकलं नाही. द्वारकाला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिचं नशीब बलवत्तर होतं, असं तिला त्या आठवड्यात वाटलं.

दीक्षाची कंबर धरलीय, असं तिनं टोळीला सांगून ठेवलं. दीक्षा बाभळीच्या सावलीत बसून चहा करी. तिच्या वाटणीचा गाळ बायका काढत.

“कंबरेला काय झालं गं एकाएकी?” मोनालीनं विचारलं.

“लचक भरली.”

“भरंल नाई तर काय. नवीन रिक्षाचे धक्के!” बायका खिदळल्या. दीक्षा लाल झाली, आणि मोनालीनं तिच्या लाल होण्याचा स्वतःपुरता काही अर्थ लावून ठेवला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. ‘पुनर्निरीक्षण पूर्ण. आपल्या श्रमक्षमतेत लक्षणीय सुधारणा आढळली आहे. श्रेणी: विशेष. आपणास यापुढे उणे एकशेऐंशी दराने मजुरी अदा करण्यात येईल.’ खाली टाळ्या वाजवणारे दोन हात होते. समायोजन रद्द झालंच, वर आणखी तीन महिन्यांचे पैसे आले. सुमेधनं भजी आणली. रोज सकाळी संडासात जाऊन पट्टी बदलायची, एवढंच आता बाळंतपणापर्यंत करायचं होतं.

यंत्रानं काय पाहिलं, हे इथं सांगायला हवं. यंत्राला सासू माहीत नाही, सून माहीत नाही, पिशवी हा शब्दही माहीत नाही. त्याच्यापुढे आलेख असतात. बावीस वर्षांच्या बाईचा आलेख दर महिन्याला थोडा चढतो, थोडा उतरतो, मध्ये काही बेभरवशाचे दिवस येतात, आणि कधी एकदम नऊ महिन्यांचा खड्डा पडतो. इतक्या चढउतारावर सहा महिन्यांचे पैसे आधी कोण लावील? म्हणून तरुण बायका उणे नव्वदच्या पुढे जात नव्हत्या, आणि म्हणून खडकपूरचा आकडाही अडला होता. आता एका लाभार्थी बाईच्या आलेखात चढउतार होते आणि एका आठवड्यात ते नाहीसे झाले. रेघ सपाट झाली, भरवशाची झाली. असं होऊ शकतं, ही यंत्राच्या दृष्टीनं मोठी बातमी होती. हे कशानं होतं हा प्रश्न त्याला पडत नाही. हे आणखी कुणाचं होऊ शकेल, हा पडतो.

महिन्याभरात शहरातल्या सगळ्या तरुण मजूर बायकांना एक संदेश गेला. ‘आपली श्रेणी सुधारू शकते. आपल्यासारख्याच एका भगिनीने ती सुधारली आहे.’

कशी, ते लिहिलेलं नव्हतं. चौकशी खिडकीवर विचारलं तर तिथल्या माणसानं तोच संदेश पुन्हा वाचून दाखवला. पण श्रमसन्मानच्या निम्म्या बायका फडातून आलेल्या होत्या. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पहिल्या पाच-सहा जणी जाऊन आल्या, आठ दिवस पडून राहिल्या, कामावर आल्या आणि खरोखरच त्यांची श्रेणी सुधारली. मग बसस्थानकासमोरच्या एका नर्सिंग होमनं फ्लेक्स लावला: ‘श्रेणी सुधार. टाके दिसत नाहीत. हप्त्याची सोय.’ फ्लेक्सवरही टाळ्या वाजवणारे तेच दोन हात होते.

द्वारकानं तो फ्लेक्स सुमेधच्या रिक्षातून बघितला. तिनं सुमेधला रिक्षा थांबवायला सांगितली, खाली उतरली, फ्लेक्सपुढे थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा येऊन बसली.

“काय झालं?” सुमेधनं विचारलं.

“काई नाई. चल.”

दुसऱ्या दिवशी गाळाची पाटी उचलताना मोनालीनं विषय काढला.

“मावशी, दीक्षानं कुठं केलं ओ? त्या बसस्टँडपाशीच का?”

“काय केलं?”

“आता मला शिकवता का? सात दिवस कंबर धरून बसली, आठव्या दिवशी एकशेऐंशी. टोळीत पहिला नंबर तुमच्या घरचा. तुम्ही तर ढवारेबाई, म्हणाल आम्हाला बाई काईच म्हाईत नाई!”

“मोनाली, तसलं काई करू नको. मी केलंय ते. तिशीत हाडं बोलायला लागतेत. उन्हाळा आतूनच सुरू होतो अंगात, चाळिशीच्या आधी म्हातारी झाले मी.”

“म्हातारी? दोघींचं काम एकटी वढता की तुम्ही!” मोनाली हसली. मग हसू आवरून म्हणाली, “दोन पोरी हायेत मला. तिसरं नको, आन् नवऱ्याचं काई सांगता येत नाई. तुम्ही केलं, सुनेनं केलं. मीच तेवढी नव्वदवर मरू का? परवाची तारीख घेतलीय मी.”

खरं काय ते द्वारकाच्या तोंडाशी आलं होतं. पाटी डोक्यावर होती, बायका मागून येत होत्या. ती पुढे चालत राहिली.

घरी येऊन तिनं दीक्षाला सांगितलं. दीक्षाचा शर्ट आता पोटापाशी थोडा ताणायला लागला होता.

“सांगून टाकते मी,” द्वारका म्हणाली. “मोनालीला सांगून भागायचं नाई. आपल्यामुळं हे यंत्र शिकलंय. तिथंच जाऊन सांगते, हे खोटंय म्हणून.”

“आन् माझं?” दीक्षानं विचारलं. “सहा महिन्यांचे परत मागतील. वर फसवणूक म्हणतील. तुरुंगात बाळंत होऊ का?”

“त्या पोरीनं परवा…”

“त्या पोरीला दोन हायेत, आत्या. मला हे पहिलंय.” दीक्षानं दोन्ही हात पोटावर ठेवले. “मी पाडत होते, तुम्हीच हरकतीचं दाब म्हणाला. पट्टी मी नव्हती मागितली, तुम्ही मागितली.”

त्यानंतर दीक्षानं त्या संध्याकाळी सासूला ताट वाढून दिलं, पण पाणी दिलं नाही. द्वारका उठून स्वतः पाणी प्याली. सुमेध रिक्षा पुसत बसला. त्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही, फक्त एकच काच तीनदा पुसली.

मोनालीच्या तारखेच्या दिवशी द्वारका कामाला गेली नाही. श्रमसन्मानच्या कार्यालयात प्रतिमा-अधिकारी म्हणून केतन राजूरकर नावाचा तरुण होता. सभ्य मुलगा. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि तिनं सगळं सांगेपर्यंत एकदाही फोन पाहिला नाही. मग त्यानं दीक्षाची प्रतिमा उघडली.

“खरंय हो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. “हा आलेख बावीस वर्षांचा नाहीच. आम्हाला वाटलं, काय विलक्षण केस आहे. काकू, तुम्ही आलात ते फार बरं केलंत. ही नोंद मी काढून टाकतो.”

“मग ते थांबंल ना? ते सुधारायचं?”

“ते कसं थांबेल?” केतननं पडदा तिच्याकडे वळवला. “तुमची एक नोंद खोटी होती. पण नंतर एकशे बारा बायकांनी सुधारणा केली ना. त्या सगळ्या खऱ्या आहेत. यंत्र आता त्यांच्यावरून शिकतं. तुमची काढली तर उलट अचूकता वाढेलच.”

“साहेब, त्या बायका दवाखान्यात जायलेत. पिशव्या काढायलेत.”

केतनला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्यापुढच्या पडद्यावर त्यासाठी रकाना नव्हता.

“आम्ही कुणाला तसं सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “संदेशात तसा शब्दही नाही. तुम्ही वाचा.”

“बंद करा ना ते.”

“काकू, खडकपूरचा सरासरी विलंब उणे चौऱ्याण्णववर आलाय. एवढ्या वेळेवर मजुरी जगात कुठे मिळत नाही. हे बंद केलं तर उद्या तुम्हीच मोर्चा आणाल.” मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं हळुवारपणे विचारलं, “सूनबाई अजून गरोदर आहेत ना? मग माता-सुरक्षा लागू होईल. समायोजन मी हप्त्यांत करून देतो. फसवणुकीचं कलम आत्ता लावत नाही.” त्यानं एक कळ दाबली. “अभिनंदन.”

द्वारका कार्यालयातून निघाली ती सरळ बसस्थानकाकडे. रिक्षा केली नाही. एक नातवंड होतं, ते आता कर्जात जन्मणार होतं. पण मोनाली अजून बाहेरच्या बाकावर असेल तर निदान एक तरी वाचेल, असा तिचा हिशोब होता.

मोनाली बाकावरच होती. तिच्या अलीकडे पलीकडे सात-आठ जणी. सगळ्यांचे केस घट्ट विंचरलेले, जणू फोटो काढायला आल्या होत्या.

“खोटं होतं ते,” द्वारका दम खात म्हणाली. “दीक्षानं काई केलेलं नाई. तिला दिवस गेलेत. तिची पट्टी मी घालत होते. मी. ऐकायलीस का? चल घरी.”

मोनालीनं तिच्याकडे वर बघितलं.

“परवा का नाई सांगितलं, मावशी?”

“चुकलं. आता सांगायले ना. उठ.”

“आता पैसे आले.”

“कशाचे?”

“वरच्या तीन महिन्यांचे. सकाळीच आले. मी घरातून निघायच्या आधी.” तिनं फोन पुढे केला. ‘श्रेणी सुधारल्याबद्दल अभिनंदन.’ “मी अजून इथं बसलेय, आन् हे म्हणतंय सुधारल्याबद्दल.”

रात्रीपासूनचा उपास, उडालेली झोप, पहाटे वाढलेली नाडी, थंड पडलेली कातडी. एकशे बारा प्रतिमांमध्ये ही लक्षणं याच क्रमानं येऊन गेली होती. यंत्रानं पुढचं ओळखलं आणि विलंब होऊ दिला नाही.

“परत कर ते,” द्वारका म्हणाली.

“काउंटरवर भरले. बाकीचे बँकेनं हप्त्यात ओढले, आल्या आल्या.” मोनाली ओठ चावत हसली. “नाई केलं तर तीन महिन्यांचं समायोजन. केलं तर… केलं. तुम्हीच सांगा आता, तुम्हाला जास्त कळतं.”

द्वारकानं फोन तिच्याकडे परत सरकवला.

नर्सनं दारातून नाव पुकारलं. मोनालीनं कानातले काढून द्वारकाच्या मुठीत ठेवले. “पोरी चारला सुटतेत. आणा तेवढं,” ती म्हणाली आणि दंडावरची पट्टी सोलायला लागली.

“ती राहू द्या,” नर्स म्हणाली. “ती आत चालते.”

दार मिटलं. द्वारका बाकाकडे वळली.

“बायांनो,” ती मोठ्यानं म्हणाली, “ती पहिली बाई मी होते. ते सगळं खोटं होतं.”

बाकावरच्या बायकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आदरानं पाहिलं. मग प्रत्येकीनं आपली पिशवी मांडीवर घेतली, सगळ्या एकेक जागा पुढे सरकल्या, आणि टोकाला झालेल्या मोकळ्या जागेवर हात ठेवून एक पोरगी म्हणाली, “बसा की, मावशी. किती दुखतं तेवढं सांगा.”